दुखतं म्हणजे शरीरात नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे. सकाळी ऑपरेशन थिएटर, दुपारी परळमधल्या एका रुग्णालयाची पेन ओपीडी, म्हणजे दुखण्यावर उपचार करणारा बाह्यरुग्ण विभाग. गिरगाव, दादर, मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघांत बोलायला गेलं की पुढचे आठ दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नांची रीघ लागते, आणि त्यातले निम्मे दरवेळी तेच असतात. ते इथे एकत्र केलेत. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत ठेवलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिलाय, परत सांगत बसलेलो नाही.

१. पायाला लागलं तर दुखतं पायातच ना? मग डॉक्टर मेंदूचं काय सांगतात?

पायातून निघते ती वर्दी, म्हणजे धोक्याची खबर. त्वचा, स्नायू, सांधे, हाडांवरचं आवरण, आतडी अशा सगळीकडे मज्जातंतूंची उघडी टोकं पसरलेली असतात. जोराचा दाब, जास्त उष्णता किंवा फुटलेल्या पेशींतून सांडलेली रसायनं यांनी ती चेतवली जातात. वर्दी मज्जारज्जूत पोचते, तिथून मेंदूत. मग मेंदू मागचा अनुभव, भीती, आत्ता आजूबाजूला काय चाललंय हे सगळं जमेला धरतो आणि त्यानंतर आपल्याला 'दुखतंय' असं जाणवतं. हे सगळं क्षणार्धात होतं, म्हणून पायातच दुखलं असं वाटतं. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ सालीच धोक्याच्या वर्दीला वेदनेपासून वेगळं नाव दिलं होतं. वर्दी येऊनही वेदना होत नाही असं घडतं (प्रश्न ५), आणि वर्दी पाठवायला अवयवच उरलेला नसताना वेदना होते असंही घडतं (प्रश्न १२).

खुद्द मेंदूत मात्र ही टोकं नाहीत. म्हणून तर काही शस्त्रक्रियांत कवटी उघडल्यावर रुग्णाला जागं ठेवून त्याच्याशी गप्पा मारता येतात. डोकं दुखतं ते मेंदूवरची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या आणि मानेचे-कपाळाचे स्नायू यांच्यामुळे.

२. पायाचं बोट उंबऱ्यावर आपटलं की आधी सणकन कळ येते, आणि क्षणभराने खरा ठणका सुरू होतो. असं दोनदा का दुखतं?

कारण वर्दी दोन वेगवेगळ्या तारांनी, म्हणजे मज्जातंतूंनी, जाते. एक तार पातळ आवरणाची, तिच्यातून वर्दी सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर धावते. ही झाली फास्ट लोकल. दुसरी बिनआवरणाची, बारीक. तिचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतकाच. पायाच्या बोटापासून कंबरेतल्या मज्जारज्जूपर्यंत अंतर जेमतेम मीटरभर, पण ही स्लो गाडी ते कापायला सेकंदभर घेते. पहिली कळ 'पाय उचल' म्हणून सांगते. मागून येणारा ठणका 'आता या पायाला जप' म्हणून बजावतो. डोक्याला लागलं तर हे अंतर इतकं कमी असतं की दोन्ही एकदमच आल्यासारखी वाटतात.

३. मिरची खाल्ली की तोंड भाजतं म्हणतो. खरंच भाजतं का? आणि बाम लावल्यावर थंड का वाटतं?

भाजत काहीच नाही, फसवणूक होते. मिरचीतलं कॅप्सायसिन हे रसायन मज्जातंतूच्या टोकावरच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं. हेच प्रथिन एरवी तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की उघडतं आणि 'चटका' अशी वर्दी धाडतं. मेंदूला मिरची आणि विस्तव यांतला फरक कळायला मार्ग नाही. डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधून काढलं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि स्पर्श-दाबाची प्रथिनं शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांना मिळून मिळालं, त्यात या शोधाचा मोठा वाटा होता.

बामची गोष्ट याच्याच उलट. त्यातलं मेंथॉल गारव्याची वर्दी देणारं प्रथिन उघडतं. त्वचा तेवढीच गरम असते, पण मेंदूला वाटतं वारा लागला. जाता जाता, पिवळ्या बाटलीतल्या अमृतांजनाचा जन्म आपल्या मुंबईतला, १८९३ सालचा. तेव्हा हे असं का होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कपाळावर चोळायला त्याची गरजही पडली नाही.

वडापावबरोबरची तळलेली मिरची झोंबली तर पाणी पिऊन उपयोग नाही. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते तोंडभर पसरवतं तेवढं. दूध, दही किंवा ताक घ्या. पोपट मिरच्या मजेत खातो याचं कारणही इथेच आहे: पक्ष्यांमधलं हे प्रथिन कॅप्सायसिनला दादच देत नाही.

४. मूल पडलं की आपण चोळतो, फुंकर घालतो. त्याने खरंच कमी होतं, की नुसती समजूत?

खरंच कमी होतं. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'द्वार सिद्धांत' मांडला. मज्जारज्जूत वेदनेच्या वर्दीसाठी जणू एक फाटक आहे. स्पर्शाच्या जाड, वेगवान तारांमधून भरपूर वर्दी आली की तिथल्या मधल्या पेशी ते फाटक थोडं लोटून घेतात आणि वेदनेच्या वाट्याला कमी जागा उरते. वरून मेंदूही ते उघडझाप करू शकतो. तपशिलात हा सिद्धांत पुढे बराच दुरुस्त झाला, पण गाभा टिकला. फिजिओथेरपीत चिकटपट्ट्या लावून मुंग्या आणणारं जे यंत्र वापरतात, ते याच कल्पनेतून आलं. आईची फुंकर या सगळ्यांहून जुनी, आणि तिच्यात प्रश्न ६ मधलाही थोडा भाग आहे.

५. क्रिकेट खेळताना बोट मोडलं, पण मॅच संपेपर्यंत कळलंच नाही. हे कसं काय?

मेंदूच्या खोडात, मध्यावर, एक छोटा भाग आहे. तिथून खाली मज्जारज्जूकडे आदेश जातात आणि वर येणारी वर्दी वाटेतच दाबली जाते. या आदेशांत शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं काम करतात. १९७३ मध्ये अफूजन्य औषधं मेंदूत नेमकी कुठे चिकटतात ते सापडलं, तेव्हा साहजिक प्रश्न आला की आपल्या मेंदूत खसखशीच्या बोंडासाठी कुलूप कशाला? याचं उत्तर १९७५ मध्ये अ‍ॅबरडीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी दिलं: किल्ली शरीर स्वतःच बनवतं.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, वेदनाशामक हवंय का? जवळजवळ तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. त्यांच्या दृष्टीने ती जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटल्याची पावती होती. तेवढीच जखम घरी जिन्यावरून पडून झाली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं.

एक उपप्रश्न हमखास येतो: शिवी दिली की बरं का वाटतं? २००९ मध्ये इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावून हे तपासलं गेलं, आणि शिवी घालणाऱ्यांनी हात जास्त वेळ ठेवला. त्याच संशोधकांना पुढे असंही आढळलं की दिवसभर शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी मिळतो. तेव्हा आठ बावीसच्या विरार लोकलमध्ये सगळा साठा संपवू नका.

६. 'मनाचा खेळ आहे' असं सांगून डॉक्टर मला खोटं पाडतायत का?

तसं म्हणणाऱ्या डॉक्टरने चुकीचे शब्द वापरले, एवढं मी नक्की म्हणेन. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. काहींचं दुखणं खरंच कमी झालं. मग त्यांना अफूजन्य औषधाचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन दिलं, तर दुखणं परतलं. म्हणजे 'नुसत्या विश्वासाने' बरं वाटताना शरीर प्रश्न ५ मधली खरी रसायनं सोडत होतं.

याची दुसरी बाजूही आहे. तेच वेदनाशामक रुग्णाला न सांगता, गुपचूप सलाइनमधून दिलं तर कमी लागू पडतं. शस्त्रक्रियेनंतर मी इंजेक्शन देताना 'आता दहा मिनिटांत हलकं वाटेल' असं मोठ्याने सांगतो, त्यामागे हे कारण आहे. मन आणि शरीर यांच्यामध्ये भिंत घातली ती बोलणाऱ्यांनी. मज्जातंतूंना ती माहीत नाही.

७. गोळीला कसं कळतं कुठे दुखतंय ते?

मला सर्वांत आवडलेला प्रश्न, माहीमच्या एका सातवीतल्या मुलीचा. गोळीला काही कळत नाही. ती रक्तातून शरीरभर जाते, दुखत नसलेल्या अंगठ्यातसुद्धा. दुखऱ्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार झालेली असतात. ती मज्जातंतूची टोकं हळवी करतात, इतकी की साधा दाबही टोचतो. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही मंडळी प्रोस्टाग्लँडिन बनवणारं विकरच (एन्झाइम) अडवतात. अ‍ॅस्पिरिन १८९७ पासून हाताशी होती, पण ती हे कसं करते ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. त्यांना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं.

गोळी सगळीकडे जाते, म्हणूनच दुष्परिणामही नको तिथे होतात. हीच द्रव्यं जठराचं अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. महिनोन्महिने केमिस्टकडून परस्पर घेतलेल्या गोळ्यांनी अल्सर झालेली, क्रिएटिनिन वाढलेली (म्हणजे मूत्रपिंड बिघडलेली) माणसं आम्ही नेहमी पाहतो. पॅरासिटामॉलची तऱ्हा थोडी वेगळी. ते बहुतांशी मज्जासंस्थेत काम करतं आणि जठराला सोपं जातं, पण जास्त झालं तर यकृत निकामी करतं. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. यकृताचा त्रास असणाऱ्यांना, दारू घेणाऱ्यांना त्याहून कमी. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही ते असतं, तेव्हा बेरीज करा. आणि मुंबईत जुलै ते ऑक्टोबर अंग मोडून ताप आला तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. रक्तस्राव वाढतो.

डायक्लोफिनॅकची आणखी एक हकिगत या शहराला चांगलीच लागली. गुरांना हे औषध सर्रास दिलं जाई. मेलेल्या गुराचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत. हे कारण २००४ मध्ये उघडकीला आलं आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, पण तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाज मृतदेह गिधाडांसाठी ठेवतो. तिथे अंत्यविधीसाठी आरशांनी ऊन एकवटणारी यंत्रं बसवावी लागली, ती यामुळे.

८. डोकं दुखतं म्हणून गोळी घेते, आणि आता गोळी घेतली नाही की डोकं दुखतं.

हा ओळखीचा सापळा आहे. महिन्यात दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस डोकेदुखीची गोळी घेतली की गोळीच डोकेदुखी कायम करते, विशेषतः मूळ त्रास अर्धशिशीचा असेल तर. यावर उपाय गोळी थांबवण्याचा, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली. पहिले काही दिवस जड जातात. अर्धशिशी मुळातच येऊ नये म्हणून वेगळी औषधं असतात, त्यांबद्दल विचारा.

९. नागीण बरी झाली, तरी तिथे आग होते. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली. मी वेडी वाटले का त्यांना?

वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी याच तक्रारीने आल्या होत्या. उजव्या बरगडीखाली पट्टा, फोड केव्हाच सुकलेले. त्यांनी ब्लाउज बोटाने अंगापासून लांब धरला होता. "डाक्टर, पदर लागला तरी विस्तव ठेवल्यासारखं होतंय." तपासायला मी कापसाचा बोळा टेकवला आणि त्या खुर्चीतून उठल्या. कापसाने दुखणं हीच या दुखण्याची खूण.

इथे त्वचेला काही झालेलं नाही, तारच बिघडली आहे. विषाणूने मज्जातंतू जायबंदी केला आणि तो आता कारण नसताना वर्दी पाठवत राहतो. मधुमेहात तळपायांची होणारी आग याच जातीची. प्रोस्टाग्लँडिनचा संबंध नसल्यामुळे प्रश्न ७ मधल्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन ही औषधं नैराश्यासाठी आली खरी, पण ती वरून खाली येणारे दाबण्याचे आदेश (प्रश्न ५) बळकट करतात. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन फिट्सच्या औषधांतून आलेली. ती तारांची बडबड कमी करतात. चेहऱ्यावर विजेसारखी कळ मारणाऱ्या दुखण्यावर कार्बामाझेपिन हे फिट्सचंच औषध उत्तम चालतं. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग चिठ्ठीवर तसं लिवा, सून वाचते." लिहून दिलं.

१०. एमआरआयमध्ये 'गादी सरकलीय' असं आलंय. आता वाकायचंच नाही का?

रिपोर्ट घेऊन घाबरलेल्यांना मी एक आकडा दाखवतो. पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. गादी फुगलेली होती विशीत ३० आणि ऐंशीत ८४ टक्क्यांची. पिकलेल्या केसांसारखंच हे. स्कॅनमध्ये दिसलं म्हणजे तेच दुखण्याचं कारण, असं ठरत नाही. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत ओसरते, आणि अंथरुणाला खिळून राहिलं तर उलट लांबते.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली, किंवा सोबत ताप आणि वजन घटणं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

११. जखम भरून सहा महिने झाले. मग अजून का दुखतंय?

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात, आणि त्याचे नियम वेगळे. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं की वर्दीचा मारा चालू राहिला की मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच हळव्या होतात. मग कमी वर्दीलाही मोठा प्रतिसाद मिळतो आणि दुखरी जागा पसरते. चाळीतल्या ज्या घरी एकदा चोरी झाली तिथे उंदीर खुडबुडला तरी सगळे दिवे लागतात, तसंच. झोपमोड, काळजी, हालचाल बंद करणं यांनी हा हळवेपणा वाढतो. त्यामुळे उपचारात नुसती गोळी पुरत नाही: हळूहळू वाढवलेला व्यायाम, झोप, कधी समुपदेशन, कधी प्रश्न ९ मधली औषधं. वेळ लागतो. 'एका इंजेक्शनमध्ये कायमचं बरं' अशी जाहिरात दिसली तर पुढच्या स्टेशनला उतरा.

१२. बाबांचा पाय गुडघ्याखाली काढलाय. नसलेल्या पायाची बोटं दुखतात म्हणतात. भ्रम आहे का?

भ्रम नाही. मेंदूत शरीराचा नकाशा असतो आणि त्यातला पाय अजून पुसलेला नसतो. शिवाय कापलेल्या मज्जातंतूची टोकंही खोटी वर्दी पाठवतात. अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार केलेल्या सायलस विअर मिचेल यांनी १८७१ मध्ये याला नाव दिलं. १९९० च्या दशकात, चेन्नईत वैद्यक शिकलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी साध्या आरशाचा उपाय आणला: आरसा दोन पायांच्या मध्ये उभा ठेवायचा, शाबूत पाय हलवायचा आणि प्रतिबिंबात 'दुसरा' पाय हलताना पाहायचा. आवळलेली बोटं सुटल्यासारखं काहींना वाटतं, काहींना नाही. खर्च एका आरशाचा. करून बघायला हरकत नाही.

१३. डावा हात आणि जबडा दुखतोय. गॅस असेल का?

वाचणं थांबवा आणि १०८ ला फोन करा. घाम, धाप, मळमळ असेल तर एक मिनिटही नको. हृदयाकडून आणि हातातून येणाऱ्या तारा मज्जारज्जूत त्याच पेशींवर येऊन मिळतात. मेंदूला हृदयाकडून वर्दी यायची सवय नसते, म्हणून तो पत्ता हाताचा लावतो. बायकांत आणि मधुमेहींत छातीत न दुखताही हार्ट अटॅक येतो. सोडा पिऊन वाट बघण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

१४. तान्ह्या बाळाला सुई दुखते का? आमच्या आजी म्हणतात त्यांना समज नसते.

आजींना दोष देऊ नका, १९८० च्या दशकापर्यंत डॉक्टरही असंच समजत. नवजात बालकांवर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. भारतीय वंशाचे डॉ. के. जे. एस. आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये १९८७ साली दाखवलं की पुरेसं वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण बराच कमी पडतो आणि ती नीट सावरतात. त्यानंतर जगभरची पद्धत बदलली. लस टोचताना बाळाला अंगावर पाजत राहिलात तर ते कमी रडतं.

१५. मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला असंच ना? व्यसन लागेल ना?

दोन्ही समज लोकांचे फार हाल करतात. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे उत्तम औषध आहे, आणि ते आजार कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर नव्हे, दुखणं किती आहे त्यावर ठरतं. डॉक्टरच्या देखरेखीत, दुखण्याच्या मापाने दिलं तर कॅन्सरच्या रुग्णांत व्यसन क्वचित दिसतं. बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ सगळ्यांना होतं, त्याचं औषध सोबतच घ्यावं. पाठ-गुडघ्याच्या जुनाट दुखण्याला मात्र मी ते देत नाही. तिथे वर्षानुवर्षे घेतल्याने फायदा थोडा, धोका जास्त. अमेरिकेने त्याची किंमत व्यसनाच्या साथीने मोजली आहे.

आपल्याकडची विसंगती अशी की मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात अफू कायद्याने पिकते, आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने दवाखान्यांत मॉर्फिन मिळेनासं झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ कमी झालं. परळला टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरच्या वेदनेवर उपचार होतात, तिथे विचारता येईल.

१६. दुखणं नावाची गोष्टच नसती तर किती बरं, नाही?

उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत ती नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारण सापडलं: मज्जातंतूतला सोडियमचा एक दरवाजाच बंद, त्यामुळे वेदनेची वर्दीच निघत नाही. त्यातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करी, हातात सुऱ्या खुपसून घेई, निखाऱ्यांवर चाले. घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला, तेव्हा चौदा वर्षांचाही नीट झाला नव्हता. बाकीच्या मुलांचे ओठ, जिभा चावलेल्या, हाडं मोडून तशीच जुळलेली.

इतकं लांब जायला नको. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून कुष्ठरुग्णांसाठी चालत आलंय. कुष्ठरोगात बोटं झडतात असं लोक समजतात. खरं तर जंतू मज्जातंतू मारतात, मग चटका कळत नाही, खडा बोचत नाही, जखमा चिघळतात आणि बोटं जातात. मधुमेहींच्या पायाचंही असंच. रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा.

पाकिस्तानातल्या त्या कुटुंबांमुळे संशोधकांना दिशा मिळाली. शेजारच्याच एका सोडियम दरवाजाला अडवणारं सुझेट्रिजीन हे अफूच्या जातीचं नसलेलं औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत ताज्या, तीव्र दुखण्यासाठी मंजूर झालं.

१७. डॉक्टर विचारतात, दहापैकी किती दुखतं? काय सांगायचं?

शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट. तुमचा सहा आणि शेजाऱ्याचा सहा सारखे नसतात. कालच्या तुमच्याच आकड्याशी आजचा ताडून बघायला तो असतो. आकड्याहून मला शब्द जास्त कामाला येतात, आणि त्यात मराठी श्रीमंत आहे. ठणकतं, ठसठसतं म्हटलं की सूज किंवा पू मनात येतो. पोटात कळा येऊन जातात म्हटलं की आतड्याची किंवा मूतखड्याची शंका. भगभगतं, करंट मारतो, मुंग्या येतात म्हटलं की मज्जातंतू. उसण भरली, पेटका आला म्हटलं की स्नायू. तेव्हा 'पेन होतंय' एवढंच सांगू नका.

१८. पाऊस सुरू झाला की गुडघे बोलायला लागतात. खरं की भास?

ब्रिटनमध्ये अडीच हजारांहून जास्त लोकांनी मोबाइलवर रोज दुखण्याची नोंद ठेवली. २०१९ च्या निष्कर्षांत दमट हवा, कमी दाब आणि वारा यांच्याशी थोडासा संबंध दिसला. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीवर झालेल्या अभ्यासात तो दिसला नाही. मुंबईत तर जूनमध्ये चालणंही कमी होतं, आणि गुडघे त्यानेही आखडतात. स्वतःपुरतं शोधायचं असेल तर रोज सकाळी, खिडकी उघडायच्या आधी, प्रश्न १७ मधला आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहा. पाऊस पडला की नाही ते रात्री लिहा, दुसऱ्या पेनाने.